परतीच्या गाडीला नऊ तास आहेत, खिशात तीनशे रुपये आहेत. मुंबईत करायचं काय?

२०१९ च्या उन्हाळ्यातली गोष्ट. मी मास कॉमच्या शेवटच्या वर्षाला होते आणि मुंबईत एका ठिकाणी इंटर्नशिपचा इंटरव्ह्यू लागला होता. पोरगी पहिल्यांदाच एवढ्या लांब चालली म्हणून पप्पा सोबत आले. देवगिरी एक्स्प्रेसनं रात्री परभणी सोडलं, सकाळी सीएसएमटी. इंटरव्ह्यू बाराच्या आत आटोपला. परतीची देवगिरी रात्री नऊच्या सुमारास.

मधले नऊ तास आम्ही कुठं काढले असतील? प्लॅटफॉर्मवर.

पप्पा म्हणाले, "बाहेर निघालं की पैसा. इथंच बसू." आईनं दिलेले धपाटे आणि ठेचा होता, बाटली नळावर भरून घेतली. दुपारी उकाडा सहन होईना म्हणून एकदा बाहेर पडलो आणि एसी बघून एका चकचकीत कॅफेत शिरलो. मेनूकार्ड हातात आल्यावर उठून जायची लाज वाटली. दोघांत एक कॉफी घेतली. बिल अडीचशेच्या घरात. पप्पांनी ते बिल घडी घालून खिशात ठेवलं आणि परभणी येईपर्यंत त्यावर एक शब्द काढला नाही.

नंतर कामानिमित्त मुंबईच्या पुष्कळ खेपा झाल्या. तेव्हा कळलं की आम्ही बसलो होतो तिथून पंधरा-वीस मिनिटांच्या चालीवर १९०४ सालचं इराणी हॉटेल होतं, अर्ध्या तासाच्या चालीवर फुकटात बघता येणारी देशातली एक नामांकित आर्ट गॅलरी होती, आणि लोकलनं थोडक्यात गाठता येणारं, मराठी नाटकाचं सगळ्यात गजबजलेलं थिएटर होतं. आम्हाला यातलं काहीच माहीत नव्हतं.

आणि हे फक्त आमचंच नाही. परभणी, जिंतूर, सेलू, गंगाखेडचा माणूस मुंबईला 'फिरायला' क्वचित जातो. तो मंत्रालयात फाईल बघायला जातो, टाटाला पेशंट घेऊन जातो, परीक्षेला किंवा इंटरव्ह्यूला जातो. काम अर्ध्या दिवसात होतं किंवा 'उद्या या' म्हणून अडकतं. उरलेल्या वेळात साडेपाचशे किलोमीटरवरून आलेला माणूस स्टेशनच्या बाकड्यावर बसून राहतो. का, तर मुंबई महाग आहे.

मुंबई महाग आहेच, खोटं कशाला बोला. पण महाग आहे ते राहणं. घरभाडं आणि हॉटेलची खोली. पोट भरणं आणि चार चांगल्या गोष्टी बघणं या शहरात आजही बऱ्यापैकी स्वस्त पडतं आणि त्यामागं एक इतिहास आहे. तो आधी सांगते, कारण तो कळला की कुठं शिरायचं आणि कुठं नाही हे आपोआप कळतं.

स्वस्त मुंबई बांधली कुणी?

मुंबईत पहिली कापड गिरणी १८५४ साली निघाली. पुढं गिरण्या वाढत गेल्या तसे कोकणातून, साताऱ्याकडून, घाटावरून हजारो माणसं आली. बहुतेक एकटी. बायको-पोरं गावाकडं, इथं एका खोलीत दहा-पंधरा जण पाळीपाळीनं झोपायचे. आता या माणसांना जेवायला कोण घालणार?

यातून खाणावळ आली. चाळीतलीच एखादी बाई पाच-दहा जणांचं जेवण करायची, हिशेब महिन्याला पगार झाल्यावर. गिरणगावाचं पोट या बायकांनी सांभाळलं. सावकाराच्या व्याजात त्या बुडालेल्या असायच्या, म्हणून १९७५ मध्ये प्रेमाताई पुरव यांनी त्यांना एकत्र करून 'अन्नपूर्णा महिला मंडळ' काढलं आणि बँकेकडून कर्ज मिळवून दिलं. प्रेमाताईंना २००२ मध्ये पद्मश्री मिळाली. १९८२ चा संप आपण दत्ता सामंत आणि अडीच लाख कामगार एवढ्यावरच ऐकतो; पण पगार थांबल्यावर त्या कामगारांना उधारीवर जेवू घालणाऱ्या खाणावळवाल्या बायकांचं काय झालं असेल, हा मला त्या संपातला सगळ्यात दुर्लक्षित भाग वाटतो.

वडापावचंही तेच. १९६६ च्या सुमारास दादर स्टेशनबाहेर अशोक वैद्य यांनी बटाटेवडा पावात घालून विकायला सुरुवात केली, असं मानलं जातं. पाळीवर पळणाऱ्या माणसाला ताट-वाटी घेऊन बसायला वेळ कुठं? चालता चालता एका हातात खाता येईल आणि पोटाला आधार मिळेल असा हा पदार्थ. त्याची चव नंतर जगभर गाजली, पण तो जन्मला तो घाईत असलेल्या, कमी पैशाच्या माणसासाठी.

दक्षिणेकडून आलेल्या नोकरदारांसाठी माटुंग्यात बोर्डिंग निघाली. बोर्डिंग म्हणजे खाणावळीचीच दक्षिणी बहीण. माटुंगा स्टेशनजवळचं रामा नायक यांचं उडुपी बोर्डिंग १९४२ चं. तिथं केळीच्या पानावर आजही जेवता येतं. इराण्यांची हॉटेलं त्याआधीची. चौकाचा कोपरा अशुभ म्हणून इतर व्यापारी ती जागा घेत नसत आणि ती इराण्यांना स्वस्तात मिळाली, असं सांगतात. खरं-खोटं असो, पण जुनं इराणी हॉटेल शोधायचं तर आजही चौकाचा कोपराच बघावा. एक चहा घेऊन तासभर पेपर वाचत बसलं तरी कुणी उठ म्हणायचं नाही, ही त्या हॉटेलांची रीत.

थोडक्यात काय, तर गावाकडून एकटा आलेला, पगार कमी असलेला माणूस हा या शहराचा मूळ गिऱ्हाईक. आपण त्याच्याच पंक्तीतले.

आता ते नऊ तास

आधी बॅग. सीएसएमटीला क्लोकरूम आहे. रेल्वेचं तिकीट दाखवावं लागतं आणि बॅगेला कुलूप लागतं, त्यामुळं घरून निघतानाच एक छोटं कुलूप घेऊन निघा. खांद्यावर ओझं असलं की माणूस कुठंच जात नाही. आम्ही प्लॅटफॉर्मवर बसून राहिलो त्याचं निम्मं कारण तीच बॅग होती.

बाहेर आलात की रस्ता ओलांडून एकदा मागं वळून बघा. ज्या इमारतीतून बाहेर पडलात ती १८८८ साली पूर्ण झाली आणि २००४ पासून युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या यादीत आहे. आपण नांदेड-परभणीची माणसं तिच्यातून सामान ओढत वर न बघता निघतो. वर बघा. दगडात कोरलेले मोर, माकडं, पानंफुलं सापडतील. हे फुकट.

तिथून डी. एन. रोडनं फ्लोरा फाउंटनकडं चालत सुटायचं. टॅक्सी नको. फोर्टचा हा भाग पायीच बघायचा आहे. फाउंटन १८६४ चं. डावीकडं वळलात तर हॉर्निमन सर्कल आणि एशियाटिक सोसायटीचा टाऊन हॉल, १८३३ चा. त्याच्या पायऱ्या तुम्ही शंभर हिंदी पिक्चरमध्ये बघितल्यात. उजवीकडं गेलात तर हायकोर्ट, विद्यापीठ, राजाबाई टॉवर, ओव्हल मैदान. मैदानाच्या एका बाजूला टोकदार कमानींच्या गॉथिक इमारती आणि दुसऱ्या बाजूला १९३० च्या दशकातल्या गोलसर बाल्कन्यांच्या आर्ट डेको इमारती. हे समोरासमोरचं दृश्य २०१८ मध्ये युनेस्कोच्या यादीत गेलं.

पुढं काळा घोडा. नावाचा घोडा खरं तर इथून कधीच गेला. सातव्या एडवर्ड राजाचा तो पुतळा १९६५ मध्ये हलवला आणि भायखळ्याच्या राणीच्या बागेत ठेवला. २०१७ मध्ये चौकात नवा घोडा आला, पण त्याच्यावर राजा नाही. मला हे फार आवडतं.

या चौकाला लागून जहांगीर आर्ट गॅलरी आहे. १९५२ ची. तिकीट नाही. सकाळी अकरा ते संध्याकाळी सात. आत साधारण आठवड्याला प्रदर्शन बदलतं आणि बहुतेक वेळा चित्रकार स्वतः तिथंच खुर्ची टाकून बसलेला असतो. त्याच्याशी बोलता येतं. चित्रातलं काही कळत नाही म्हणून बिचकू नका. 'हे काय आहे' असं विचारणारा माणूस दिवसातून एखादाच भेटत असल्यामुळं तो बहुधा खुशच होतो. आत पूर्वी 'समोवार' नावाचा कॅफे होता. १९६४ पासून चित्रकार आणि कॉलेजची पोरं तिथं बसायची. २०१५ मध्ये तो बंद झाला. अशा जागा एकेक करून कमी होतायत हेही खरंय. गिरण्यांच्या जमिनीवर मॉल उभे राहिले. लोअर परळच्या फिनिक्सचं नावसुद्धा गिरणीचंच आहे.

समोरच्याच बाजूला नॅशनल गॅलरी ऑफ मॉडर्न आर्ट. १९९६ ला उघडली, भारतीयांना तिकीट २० रुपये, सोमवारी बंद. शेजारी छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय आहे. ते सुंदर आहे, पण तिकीट आपल्या तीनशेच्या हिशेबात मोठा खड्डा पाडतं. विद्यार्थ्यांना सवलत असते, म्हणून कॉलेजचं ओळखपत्र जवळ ठेवा. त्यापेक्षा स्वस्तात जुनी मुंबई बघायची तर भायखळ्याचं डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय गाठा. १८७२ सालची इमारत, आत मातीच्या छोट्या बाहुल्यांमधून कोळी, भंडारी, कारागीर असे जुन्या मुंबईतले लोक उभे केलेत. बुधवारी बंद. सीएसएमटीहून भायखळ्याचं लोकलचं सेकंड क्लासचं तिकीट ५ रुपये. आणि हो, राजासकट तो मूळचा काळा घोडा तिथंच शेजारी उभा आहे.

पोरींसाठी एक बारीक गोष्ट. मुंबईत दिवसभर फिरताना खरी पंचाईत पैशाची होत नाही, बाथरूमची होते. पाणी न पिता दिवस काढायची सवय आपल्याला असतेच, पण उन्हात ते करू नका. म्युझियम आणि गॅलरीतली टॉयलेट बऱ्यापैकी स्वच्छ असतात. २० रुपयांच्या तिकिटात तेही धरा.

खायचं कुठं?

एक साधा नियम मी पाळते: जिथं कामावरचे लोक रोज जेवतात तिथं जेवायचं. फोर्ट हा ऑफिसांचा भाग. रोज बाहेर जेवणारा माणूस रोज तीनशे रुपये देऊ शकत नाही, म्हणून या भागात गल्लीबोळात थाळीची छोटी हॉटेलं, उडप्यांची दुकानं आणि खाऊ गल्ल्या टिकून आहेत. दुपारी एक ते दोन तिथं झुंबड असते. दोननंतर गेलात तर बसायला जागा मिळते. शंभर-दीडशेत पोटभर जेवण होतं. मात्र हेच गणित रविवारी उलटं पडतं. ऑफिसं बंद, त्यामुळं फोर्ट ओस आणि अर्धी हॉटेलं बंद.

इराणी चहा प्यायचा तर मेट्रो सिनेमासमोरचं क्यानी अँड कंपनी. सीएसएमटीपासून चालत जाता येतं. बन मस्का आणि चहा, दोघांचं शंभर-दीडशेत भागतं. बलार्ड इस्टेटचं ब्रिटानिया १९२३ चं आणि फार प्रसिद्ध आहे, रील बघून तुम्हालाही जावंसं वाटेल. पण तिथला बेरी पुलाव या बजेटचा नाही. पहिला पगार झाला की जा.

रमजानमध्ये गेलात तर मोहम्मद अली रोड. परभणीच्या माणसाला तिथं नवल वाटायचं कारण नाही, दर्ग्याच्या उरुसात आणि आपल्या मोहल्ल्यात आपण असलं खाऊन वाढलोय. फक्त इथली गर्दी दसपट.

आणि वडापाव. गाडीवर साधारण वीस-पंचवीस रुपयांत मिळतो. कुठला 'सर्वोत्तम' यावर भांडणं होतात, त्यात पडू नका. तेलातून आत्ता काढलेला तो सर्वोत्तम. सुकी लसणाची चटणी जास्त मागून घ्या, आपल्याकडच्या जिभेला तीच लागते.

मुख्य म्हणजे, बसायच्या आधी दर विचारा. आमच्या त्या कॉफीचं बिल ज्या लाजेनं वाढवलं ती लाज सोडली की मुंबईतला निम्मा खर्च वाचतो. "दादा, थाळी कितीला?" एवढं विचारायचं, जमत नसेल तर "बरं" म्हणायचं आणि पुढं चालायचं. मुंबईत त्याचं कुणाला काही वाटत नाही. तिथं सगळेच विचारतात.

संध्याकाळ दादरची

रात्रीची गाडी असेल किंवा काम दुसऱ्या दिवसावर गेलं असेल, तर संध्याकाळ दादरला घालवा. देवगिरी, राज्यराणी दादरवरून जातात, पण परतताना सीएसएमटीहूनच चढणं बरं. क्लोकरूममधली बॅगही तिथंच आहे.

दादर पश्चिमेला, प्लाझासमोर, शिवाजी मंदिर. इथं सलग प्रयोग चालतात. परभणीत एखादं गाजलेलं व्यावसायिक नाटक यायचं तर सगळं गणित जुळावं लागतं: दौरा, सभागृह, तिकीटविक्री. शिवाजी मंदिरात एकाच आठवड्यात निरनिराळी नाटकं लागतात. शनिवार-रविवारच्या मराठी पेपरात नाटकांच्या जाहिरातींचं पान असतं, त्यात वेळ आणि थिएटर बघायचं. ॲपवर बुकिंग केलं की वरचा चार्ज लागतो; खिडकीवर गेलात तर तो वाचतो. पुढच्या रांगा महाग. बाल्कनी मागा. दोन-तीनशेत होऊन जातं, आणि नट कसलेला असेल तर त्याचा आवाज बाल्कनीत पोचतोच. आपल्या परभणीच्या संकर्षण कऱ्हाडेचं नाटक लागलेलं असेल तर पप्पांना घेऊन जायला कारणही मिळतं. मध्यंतरात बटाटेवडा खायचा ही तिथली प्रथा आहे, ती मोडू नका.

नाटक परवडत नसेल तरी दादरला जा. स्टेशनजवळच छबिलदास शाळा आहे. १९७४ पासून इथल्या छोट्या सभागृहात 'आविष्कार' या संस्थेनं प्रायोगिक नाटकं केली. मोठं थिएटर परवडत नाही म्हणून शाळेचा हॉल घेतला आणि त्यातून मराठी रंगभूमीची एक अख्खी चळवळ उभी राहिली. म्हणजे कमी बजेट हा विषय नाटकवाल्यांनाही नवा नाही. त्याच गल्लीत आयडियलचं पुस्तकांचं दुकान, तिथं पुस्तकं चाळायला पैसे पडत नाहीत. प्रकाशचा साबुदाणा वडा आणि पियुष, आस्वादची मिसळ ही नावं तुम्ही ऐकलेली असतील. रांग असते, दर मध्यम आहेत, एक पदार्थ दोघांत घेतला तर जमतं. पुढं चालत गेलं की शिवाजी पार्क आणि त्याच्या मागं समुद्र.

या शिवाजी पार्कवर आपल्या भागातले लोक वर्षातून एकदा लाखांच्या गर्दीत येतातच. ६ डिसेंबरला, चैत्यभूमीवर, डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना अभिवादन करायला. रेल्वे त्यासाठी जादा गाड्या सोडते, महापालिका मैदानावर मंडप-पाण्याची सोय करते, ठिकठिकाणी संस्था फुकट जेवण देतात. आणि मैदानात पुस्तकांचे स्टॉल लागतात. गावाकडून भाकरी बांधून आलेली माणसं परतताना पिशवीत पुस्तकं घेऊन जातात. कमी पैशात मुंबईत येऊन काहीतरी घेऊन जायचं कसं, हे कुणाकडून शिकायचं असेल तर त्यांच्याकडून शिकावं. जानेवारी-फेब्रुवारीच्या सुमारास होणारा काळा घोडा महोत्सवही फुकट असतो. १९९९ पासून चालू आहे. नऊ दिवस गाणं, नाच, नाटक. पण तिथली गर्दी सेल्फी जास्त काढते, असं माझं मत आहे.

राहायचा प्रश्न उरतो, आणि त्यावर माझ्याकडं जादूचं उत्तर नाही. दोन रात्री गाडीत आणि मधला दिवस शहरात, हाच आपल्या बजेटचा मुक्काम. एक सांगते. दादरला गाडगे महाराजांच्या नावाची धर्मशाळा आहे, ती टाटाला उपचाराला आलेल्या पेशंट आणि नातेवाइकांसाठी आहे. फिरायला म्हणून गेलेल्यांनी तिथं जागा मागायला जाऊ नये.

मागच्या हिवाळ्यात पप्पांना पुन्हा घेऊन गेले. जहांगीरच्या दारात त्यांनी तिकिटासाठी पाकीट काढलं. वॉचमन म्हणाला, "काका, फुकट आहे, जा आत." आत एका चित्रात काळी जमीन आणि कडब्याच्या पेंढ्या होत्या. पप्पा त्याच्यासमोर बराच वेळ उभे राहिले, मग चित्रकाराला म्हणाले, "पेंढी अशी नाही बांधत आमच्याकडं." पुढची दहा मिनिटं दोघं त्यावरच बोलत होते. दुपारी क्यानीत चहा, भायखळ्याला बाहुल्या, संध्याकाळी वडापाव. माझ्या फोनमधला हिशेब दोघांचा मिळून सहाशेच्या आत होता.

परतीच्या गाडीत समोरच्या बर्थवर मानवतचे एक काका होते. बायकोला टाटात दाखवायला आणलेलं, आठ दिवसांनी पुन्हा यायचं होतं. दिवसभर कुठं होतात, असं पप्पांनी विचारलं. "कुठं जाणार, प्लॅटफॉर्मवरच," ते म्हणाले. पप्पांनी माझ्याकडून पेन मागून घेतलं आणि तिकिटाच्या पाठीमागं मेट्रो सिनेमाचा रस्ता काढायला लागले.